मधला रकाना

नानाखेडा, उज्जैन
१२ जानेवारी २०२५

प्रिय मनू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. फोनवर तू "हं" आणि "बरं"च्या पुढे जात नाहीस, आणि व्हॉट्सॲपवर मला लिहिता येत नाही. तिथे सगळं इतक्या लवकर पोचतं की खोडायला वेळच मिळत नाही. आमच्या शाळेत दर शुक्रवारी शेवटच्या तासाला सिस्टर फिलोमिना सगळ्यांकडून घरी पत्र लिहून घ्यायच्या. माझं घर शाळेच्या भिंतीला लागून होतं, तरी मीही लिहायचे. तीन दिवसांनी पोस्टमन ते घरी आणून द्यायचा आणि तुझे आजोबा, आमचे नाना, ते माझ्यासमोरच पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचायचे.

तर, विचारायचं असं होतं. दोन पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर. हे तूच शिकवायचीस ना?

मी फ्रीगंजमध्ये एका क्लासला जाते आहे. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी नऊला. जिन्यात थोडा दम लागतो म्हणून डॉक्टर म्हणाले जा. वयाचं आहे, विशेष काही नाही. तिथे आधी खुर्चीवर बसून श्वासाचे व्यायाम असतात, मग ट्रेडमिल, मग पुन्हा श्वास. शिकवणारा कोण माहीत आहे? सुमीत. तुझ्या हाताखाली दोन वर्षं होता तो. आता त्याला छोटीशी दाढी आहे. मला बघून आधी एकदम उभा राहिला, मग म्हणाला, "चारूकाकू, तुम्ही? आओ आओ, बसा." तुझं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही. दोघांनी मिळून ते न काढणं इतकं अवघड गेलं की बोटाला लावलेल्या त्या चिमट्यावर माझी नाडी एकशे दहा दिसली.

माझा गोंधळ असा आहे. पावलं मोजायला लागले की श्वास विसरते, श्वास मोजायला लागले की पाय अडखळतो. दोन्ही एकदम करायला गेले तर भलतंच काहीतरी होतं. त्यात नानांचं पूरक, कुंभक, रेचक माझ्या हाडात बसलेलं. श्वास घ्या, धरा, सोडा. सुमीत म्हणतो, "काकू, घ्या आणि सोडा. मधे काही नाही." मधे काही नाही म्हणजे काय, हे मला खरंच कळत नाही. नाना तर म्हणायचे, श्वासाचं सगळं काम मधेच होतं.

दर पाच मिनिटांनी तो विचारतो, शून्य ते दहामध्ये किती दम लागला? मी "तीन" सांगते. परवा म्हणाला, "काकू, तुमचा रोजच तीन कसा येतो? घरून ठरवून येता का?" सगळे हसले. मला वाटलं, चार सांगणं म्हणजे त्याच्या शिकवण्याला नाव ठेवण्यासारखं होईल.

बाबांसाठी तू केला होतास तो तक्ता हाताशी असता तर मीच बघून घेतलं असतं. कुठे गेला कुणास ठाऊक.

नाशिकला थंडी असेल. भैरवगढची ती मोठी चादर पाठवू का, निळ्या बुट्ट्यांची?

तुझी,
आई

◆

नानाखेडा
३० जानेवारी २०२५

प्रिय मनू,

तुझा "पत्र मिळालं. चादर नको." हा मेसेज मिळाला. म्हणजे पत्र पोचलं आणि तू शेवटपर्यंत वाचलंस, कारण चादर अगदी शेवटी होती. मला एवढं पुरलं.

सोमवारी क्लासमध्ये एक गंमत झाली. गंमत म्हणजे तशी गंमत नव्हे. मी ट्रेडमिलवर होते, वेग नेहमीपेक्षा जरासा जास्त. मोजणं एकदम जमायला लागलं. दोन पावलं आत, चार पावलं धरून, चार बाहेर. इतकं सुरेख बसलं की मला वर्गात पाढा पहिल्यांदा न चुकता म्हटला होता त्या दिवसासारखं वाटलं. तिसऱ्या का चौथ्या वेळी समोरची भिंत जवळ आली आणि मग पांढरी झाली. सुमीतने मशीन बंद केलं आणि मला धरलं. खुर्चीवर बसवलं. मी त्याला इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"काकू, तुम्ही सांस रोकून धरली होती? चालता चालता?"

"थोडीशीच."

"थोडीशी पण नाही! बसून, डॉक्टरला विचारून करायचं ते वेगळं. जोर लावताना सांस रोकली की बीपी कुठल्या कुठे जातं. आणि स्टेंटवाल्यांनी तर बिलकुल नाही. कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

मी म्हटलं, "कुणी नाही. असंच."

माझ्या शेजारच्या खुर्चीत माई बसतात. भैरवगढच्या आहेत, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय. जन्मभर कापडावर ठसे मारले, त्यामुळे उजव्या तळव्याला अजून लालसर झाक आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बेन, चूल्हा फूँका है कभी? बस वैसे ई फूँको. चूल्हा फूँकते में कोई साँस पकड़ के बैठता है क्या?" मग ओठांचा चंबू करून लांब फुंकर मारून दाखवली. मी सांगितलं, माझ्या माहेरी तेव्हाच गॅस आला होता. त्या म्हणाल्या, "तभी तो."

वर स्टेंट लिहून गेले. आता खोडत नाही. ऑक्टोबरमध्ये एक टाकलाय, छोटासा. इंदोरला दोन दिवस होते, शेजारच्या अश्विनीने सगळं केलं. तुला सांगणार होते. मग वाटलं, तू येशील तर कर्तव्य म्हणून येशील, नाही आलीस तर मला ते कळेल. दोन्ही नको वाटलं.

निघताना सुमीत जिन्यापर्यंत आला. तिथे त्याने तुझं नाव काढलं. नव्या हॉस्पिटलात हृदयाच्या पेशंटसाठी असाच श्वास आणि चालण्याचा पूर्ण विभाग सुरू होतो आहे, आणि तो चालवायला त्यांना तू हवी आहेस. त्यांनी तुला दोनदा लिहिलं, तू उत्तर दिलं नाहीस. एकतीस मार्चपर्यंत वाट बघणार आहेत. "काकू, ही पद्धत इथे ताईंनीच सुरू केली. मी तर कॉपी करतो. आणि त्या तिकडे विम्याचे कागद तपासतात. तुम्ही बोला ना एकदा."

मी म्हटलं, बोलते.

तर हे बोलले. एकतीस मार्च. बाबांचं जे झालं ते झालं मनू, त्याला आता चौदा महिने झाले. तू तुझं काम का सोडावंस?

आई

◆

नानाखेडा
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनू,

तुझा मेसेज मी वहीत उतरवून ठेवला आहे. "मी आता पेशंटना हात लावत नाही. का ते तुला माहीत आहे. तूच सांगितलंस." स्टेंटबद्दल एक अक्षर नाही. बरोबरच आहे, मी तरी कुठे सांगितलं होतं.

मी काय म्हणाले ते मला आठवतं. दहाव्या दिवशी, क्षिप्रेवरून सगळे परत आलेले, तुझी आत्या, दोन्ही काका, शेजारचे. तू पाण्याचा तांब्या घेऊन आलीस आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "बायपास झालेल्या माणसाला आराम द्यायचा सोडून हिने पळवलं. माझ्या माणसाला हिच्या व्यायामाने नेलं." तू तांब्या खाली ठेवलास. इतका हळू ठेवलास की आवाजसुद्धा आला नाही. मी वाट बघत होते की तू भांडशील. तू विचारलंस फक्त एकच, तेही रात्री, स्वयंपाकघरात: "आई, त्यांच्या खिशात माझा कागद असायचा, तो कुठंय? मी वेग किती लिहिला होता ते बघायचंय." मी म्हटलं, खिशात काही नव्हतं.

मग तू गेलीस.

गेल्या आठवड्यात मी डॉक्टरांना विचारलं. माझ्या तपासणीलाच गेले होते. म्हटलं, डॉक्टरसाहेब, माझ्या एका मैत्रिणीचे मिस्टर होते. बायपासला सात-आठ महिने झालेले. रोज सकाळी कोठी रोडवर फिरायचे. चालताना श्वास रोखून धरायचे, कुणीतरी तसं सांगितलं होतं म्हणून. एक दिवस बाकावर बसले ते उठले नाहीत. तर त्यामुळे झालं का?

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "माताजी, कौन बता सकता है? करना नहीं चाहिए था, ये पक्का. पर उसी से हुआ, ये कोई नहीं कह सकता. नहाते में भी हो जाता है, सोते में भी." मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले आणि विचारलं, "आपकी सहेली ठीक हैं?"

मी म्हटलं, ठीक आहेत.

बाहेर येऊन रिक्षात बसले तेव्हा मला हलकं वाटत होतं. कोणी सांगू शकत नाही! नानाखेड्याच्या वळणावर आलो आणि ते हलकेपण कुठच्या कुठे गेलं. सिंहस्थासाठी सगळे रस्ते खणून ठेवलेत, रिक्षा जागीच उभी. तिथे बसल्या बसल्या मनात आलं की जे कोणीच सांगू शकत नाही, ते मी तुला दहाव्या दिवशी छातीठोकपणे सांगितलं होतं. शंका होती ती सगळी मी माझ्याकडे ठेवली, तुला एवढीशीसुद्धा दिली नाही.

तू विचारशील, कुठली मैत्रीण. माझ्या मैत्रिणी तुला सगळ्या माहीत आहेत.

आज इथेच थांबते. मला नीट सुचत नाही. सांगावं तर का सांगावं, आणि नाही सांगितलं तर एकतीस तारीख येईल आणि जाईल, हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात फिरतंय. क्लासमध्ये काल सुमीतने मला चालता चालता बोलायला लावलं. बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये, म्हणजे वेग बरोबर. काय बोलू असं विचारलं, तर म्हणाला, काहीही, मनातलं. मी तेराचा पाढा म्हटला.

आई

◆

नानाखेडा
९ मार्च २०२५

मनू,

आज सहावा कागद आहे. पहिले पाच फाडले. फाडण्याची सवय वाईट, ते पुढे येईलच.

सोबत एक कार्ड पाठवते आहे. आधी ते बघ, मग पुढे वाच.

बघितलंस? अक्षर माझं आहे. तू बाबांसाठी जो कागद लिहिला होतास, तो त्यांना वाचताच यायचा नाही. तुझं अक्षर डॉक्टरांसारखं, रेषा रेषा. ते चष्मा वर-खाली करायचे आणि म्हणायचे, "चारू, तुझी लेक माझ्यावर मोडीत प्रिस्क्रिप्शन लिहिते." म्हणून मी जाड कार्डावर नीट प्रत केली. काळ्या शाईने मजकूर, लाल शाईने रेघा. तू लिहिलेलं सगळं जसंच्या तसं उतरवलं. चढ टाळा. पहिली पाच मिनिटं हळू. बोलता येईल इतकाच वेग. दम लागला तर थांबा, लाज बाळगू नका. पण श्वासाच्या जागी तुझे दोनच रकाने होते. "आत २" आणि "बाहेर ४".

मधला रकाना मी घातला.

"धरा ४." तो तुझ्या कागदात नव्हता. मला दोन रकाने अपुरे वाटले. नानांनी एक्क्याण्णवाव्या वर्षापर्यंत कुंभक केला, शेवटच्या दिवसापर्यंत त्यांची पाठ ताठ होती. मला वाटलं तू घाईत ते गाळलंस, किंवा आजकालच्या शिक्षणात ते शिकवतच नाहीत. मी चूक दुरुस्त करते आहे, असं माझ्या मनात होतं. तुला विचारलं नाही. का विचारलं नाही? तू "नको" म्हणाली असतीस म्हणून, हे मला त्याच वेळी माहीत होतं की नंतर समजलं, ते आता वेगळं करता येत नाही. खूप प्रयत्न केला.

नाना मांडी घालून, उपाशीपोटी, एका जागी बसून करायचे. चालताना करायचे नाहीत. हा एवढा फरक मला दिसला नाही. बाबांना मी म्हटलं, मुलीचंही करा आणि माझंही करा, एकदमच होऊन जाईल. ते हो म्हणाले. ते कुणाला नाही म्हणाले होते?

आणि प्रत झाल्यावर तुझा कागद मी फाडला. शाळेत पक्की प्रत झाली की कच्ची ठेवायची नाही, सिस्टर समोर उभ्या राहून टोपलीत टाकायला लावायच्या. म्हणून तुझ्याकडे पडताळून बघायला काही उरलं नाही. तू चौदा-पंधरा महिने स्वतःला विचारत असशील, मी वेग जास्त लिहिला होता का? नव्हता लिहिला. मी शब्दन्‌ शब्द उतरवला आहे. तुझ्या कागदात एकही चूक नव्हती.

त्या दिवशी हॉस्पिटलात त्यांनी मला एक पुडकं दिलं. घड्याळ, रुमाल, चष्मा, किल्ली आणि हे कार्ड. कार्ड मी ब्लाउजमध्ये खोचलं. तेव्हा मला काहीच समजत नव्हतं, मधल्या रकान्याचं तर अजिबात नाही. एवढंच वाटलं की हे कुणाला दिसू नये. म्हणजे आत कुठेतरी समजत होतं. मग दहाव्या दिवशी मी जे बोलले ते बोलले, आणि बोलून झाल्यावर ते खरं मानणं सोपं होतं, कारण दुसरं काही मानायचं तर ते मला माझ्याबद्दल मानावं लागलं असतं. सुमीतने मशीन बंद केलं त्या दिवसापर्यंत मी ते जमवलं.

हे त्यामुळेच झालं का, डॉक्टरांना माहीत नाही. मलाही माहीत नाही. मी तुला "माझ्यामुळे झालं" असं लिहू शकत नाही आणि "माझ्यामुळे नाही झालं" असंही नाही. एवढं मात्र लिहू शकते की तुझ्यामुळे झालं नाही. आणि मी ते सगळ्यांदेखत म्हटलं होतं, म्हणून आत्याला आणि दोन्ही काकांना आजच वेगळी पत्रं टाकली आहेत. त्यात हेच लिहिलं आहे, लहान करून नाही.

तू मला सोडून दिलंस तर मी समजेन. समजेन म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. माझं काहीही कर, पण एकतीस तारखेच्या आत त्या लोकांना उत्तर दे.

आई

◆

नाशिक
२१ मार्च

आई,

पत्र आणि कार्ड मिळालं. आत्याचा फोन आला होता, पाऊण तास रडत होती. मी रडले नाही. मला काय वाटतंय ते मला ठरवता येत नाही आणि सध्या त्यात पडत नाही.

मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. अंदाजाने लिहू नकोस. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही.

बाबा ते मधलं चार किती आठवडे करत होते? रोज, की आठवलं तर? त्यांनी त्याबद्दल कधी काही तक्रार केली होती का, चक्कर, छातीत भरून येणं, डोळ्यांसमोर काही? केली असेल तर कुणाकडे, आणि त्यावर कोण काय म्हणालं? शेवटच्या सकाळी निघताना ते कसे दिसत होते? गोळ्या घेतल्या होत्या का?

तुझा स्टेंट कुठल्या नसेत आहे? गोळ्यांची नावं लिही. चालताना मधेच दम लागला तर तू नक्की काय करतेस?

मृण्मयी

◆

नानाखेडा
३० मार्च २०२५, पाडवा

प्रिय मनू,

तुझं पत्र गुरुवारी आलं. तीन दिवस घेतले, कारण तू अंदाजाने लिहू नकोस म्हणालीस, आणि मला अंदाज कुठे संपतो ते चटकन समजत नाही. सकाळी गुढी उभारली, ती स्टुलावर चढून नाही, शेजारच्या अश्विनीकडून उभारून घेतली. आता बसले आहे.

ते मधलं चार सहा आठवडे करत होते. कार्ड मी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात केलं, हे नक्की, कारण लाल शाई मी त्या वेळी दसऱ्याची सरस्वती काढायला आणली होती. रोज करत होते का, माहीत नाही. मी बरोबर जात नसे. ते आल्यावर मी विचारायचे, "केलं ना?" ते म्हणायचे, "केलं." माझ्यासाठी हो म्हणत असतील तर मला कळायला मार्ग नाही.

शेवटच्या सकाळी कसे दिसत होते, माहीत नाही. मी पोहे भिजवत होते, पाठमोरी होते. "येतो गं" ऐकलं, वळले नाही. गोळ्या घेतल्या होत्या. डबीतला शनिवारचा खण रिकामा होता, तो मी नंतर पाहिला.

आता तक्रारीचं. हे मी ९ मार्चच्या पत्रात लिहिलं नव्हतं. सगळं लिहिलं असं तुला वाटावं अशा बेताने लिहिलं होतं आणि हे मागे ठेवलं होतं. तू विचारलं नसतंस तर मागेच राहिलं असतं.

केली होती. एकदा, माझ्याकडेच. जाण्याच्या साधारण दहा दिवस आधी, चहा पिताना. म्हणाले, "चारू, ते मधल्या चारला जरा काजवे चमकल्यासारखं होतं." मी म्हटलं, "सवय होईल." ते म्हणाले, "मनूला विचारू का?" मी म्हटलं, "तिला कशाला? तिला कुंभकातलं काय कळतं?" ते हसले आणि चहा प्यायले.

एवढंच संभाषण. यातला एकही शब्द अंदाज नाही.

हे लिहून झाल्यावर मी उठून गॅलरीत गेले होते. समोरच्या घरची लहान मुलगी गुढीच्या गाठीतलं एक बत्तासं चोरत होती, तिने मला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मी मान हलवली. मग आत येऊन पुन्हा बसले.

माझा स्टेंट डाव्या बाजूच्या मुख्य नसेत आहे, कागदाची झेरॉक्स जोडली आहे, गोळ्यांची नावं त्यावरच आहेत. खरं तर तुझ्याकडे ते असणार. सुमीत काल म्हणाला, "काकू, ताईंचा फोन आला होता. हॅलो नाही, कसा आहेस नाही, सीधे तुमची फाइल मागवली. आणि मग मलाच रागावल्या, वेग वाढवायच्या आधी मी तुमचा बीपी का नाही घेतला म्हणून." इतका खूश होऊन सांगत होता की बोलणी खाऊन असं आनंदलेलं कुणी मी पाहिलं नाही. तू हॉस्पिटलकडे आठ दिवस वाढवून मागितलेस हेही त्यानेच सांगितलं. आठ दिवस म्हणजे हो की नाही, हे मला कळत नाही. तुलाही कळत नसेल.

आता शेवटचा प्रश्न. चालताना मधेच दम लागला तर मी नक्की काय करते? हा प्रश्न माझ्या मुलीने विचारला आहे की एका फिजिओथेरपिस्टने, हे मला तीन दिवसांत ठरवता आलं नाही, म्हणून दोघींनाही उत्तर देते. आधी काही करत नव्हते. दम लागला नाही असं दाखवत तशीच चालत राहायचे. गेल्या पंधरा दिवसांपासून थांबते. भिंत असेल तर भिंतीला टेकते, हात कमरेवर, ओठांचा चंबू करून माईंसारखी फुंकर मारते. बरोबर कुणी असेल तर त्याला सांगते की मला चालवत नाही, जरा थांबा. लोक थांबतात. मला हे माहीत नव्हतं.

चालताना फोन उचलायचा नाही असा सुमीतचा नियम आहे. तुझा आला, तर मी थांबून उचलीन.

आई